भिंतीआधी आवाज मोजून ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

2027 च्या सिंहस्थासाठी नाशिकमध्ये रस्त्यांची कामे निघाली आहेत. वस्तीलगत ध्वनिरोधक भिंती बांधा, अशी मागणीही आता होईल आणि ती व्हायलाच हवी. माझी विनंती त्याआधीच्या एका कामाची आहे. भिंत उभी राहण्यापूर्वी तिथला आवाज मोजा आणि तो कागदावर नोंदवून ठेवा.

द्वारकेजवळ मुंबई-आग्रा महामार्गाच्या सर्व्हिस रोडला लागून आमची सोसायटी आहे. मध्यरात्री कंटेनर गेला की खिडकीच्या काचा वाजतात. दोन वर्षांपूर्वी सभासदांनी वर्गणी काढून कुंपणावर आवाज रोखणारे पत्र्याचे पॅनेल बसवून घेतले. ठेकेदाराने प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र दाखवले, त्यावर 28 डेसिबल असा आकडा होता. घरातला आवाज तेवढा उतरेल, असे आम्ही धरून चाललो. तळमजल्याला थोडा आराम पडला. तिसऱ्या मजल्यावर आमच्याकडे काहीच फरक नाही, पत्नीला आजही रात्री दोनला जाग येते. तक्रार केल्यावर उत्तर मिळाले, "आधी यापेक्षा जास्त होता." आधी किती होता, हे कोणी मोजलेच नव्हते. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत यंत्राचे सुटे भाग तपासण्यात, इन्स्पेक्शनमध्ये, माझी तीस वर्षे गेली. मायक्रोमीटर लावल्याशिवाय एक बुश पुढे जाऊ दिला नाही, आणि इथे मात्र मोजायचे राहून गेले. याची मला फार खंत आहे.

नंतर वाचून कळले की प्रमाणपत्र खोटे नसावे. प्रयोगशाळेत दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत पॅनेल बसवतात, चारी कडा बुजवतात आणि पलीकडे किती आवाज पोहोचतो ते मोजतात. तो आकडा फक्त पत्र्यातून आरपार जाणाऱ्या आवाजाचा असतो. रस्त्यावर आवाज वरच्या कडेवरून वाकून येतो, दोन्ही टोकांना वळसा घालून येतो, पॅनेल आणि खांबामधल्या फटीतून आणि गेटमधून शिरतो. ट्रकच्या इंजिनाचा जाड, घुमणारा आवाज तर कडेवरून अधिकच सहज वळतो. शिवाय ज्या खिडकीतून रस्ता सरळ दिसतो, तिला भिंतीचा उपयोग जवळजवळ नाहीच. आमच्या कुंपणाने उड्डाणपुलावरचा आवाज अडणार तरी कसा?

म्हणून भिंतीची खरी परीक्षा खिडकीशी होते. त्याच जागी भिंतीआधी किती आणि भिंतीनंतर किती, हा फरकच रहिवाशाच्या कामाचा. यासाठी आयएसओ 10847 हे आंतरराष्ट्रीय मानक 1997 पासून आहे. त्यात एक मायक्रोफोन रहिवाशाच्या जागी असतो आणि दुसरा भिंतीच्या माथ्याच्या बराच वर, जिथे भिंतीचा परिणाम पोहोचत नाही. त्या दिवशी वाहने कमी होती की जास्त, हे दुसऱ्यावरून कळते आणि हिशेबातून वजा करता येते. वाऱ्याचीही नोंद ठेवावी लागते. 'आधी'चे मोजमाप हुकले तर तसाच, पण भिंत नसलेला रस्त्याचा तुकडा शोधून तुलना करता येते. मात्र द्वारकेसारख्या ठिकाणी तसा जुळा तुकडा कुठे मिळणार?

युरोपात उभ्या भिंतीची जागेवरच तपासणी करण्याची पद्धतही आहे. एका बाजूला लाऊडस्पीकर आणि दुसऱ्या बाजूला नऊ मायक्रोफोनची जाळी लावतात. पॅनेल आणि खांब यांच्या सांध्यातली गळती त्यात वेगळी सापडते. आमच्याकडे खालच्या फटीतून हात जातो, ती एवढ्या तपासणीत सुटली नसती.

महापालिका आणि महामार्ग प्राधिकरण यांनी निविदेतच अट घालावी, की अंतिम बिल प्रमाणपत्रावर नव्हे, तर खिडकीशी मोजलेल्या फरकावर निघेल. फरक तीन डेसिबलचा असेल तर तो कानाला जेमतेम कळतो. दहाचा असेल तर आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. किती हवा, हे आधीच लिहून ठेवावे. वरच्या मजल्यांवर मोजावे. समोरच्या बाजूच्या घरांतही मोजावे, कारण गुळगुळीत भिंतीवरून परतलेला आवाज त्यांच्याकडे जातो. आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत मोजावेच. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, आणि झोप रात्रीच मोडते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2011 मध्ये कायमस्वरूपी ध्वनिमापन सुरू केले तेव्हा सात शहरे निवडली, त्यांत नाशिक नव्हते. शहरात अभियांत्रिकी महाविद्यालये भरपूर आहेत. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनीही या नोंदी घेतल्या तरी चालेल, फक्त कामे सुरू होण्याआधी घ्याव्यात. आमच्या सोसायटीची गच्ची आणि माझ्या घराची रस्त्याकडची खिडकी त्यासाठी कोणत्याही रात्री उघडी आहे.

आपला,
एक वाचक, द्वारका, नाशिक