चारशे धावा आणि एक स्टीलचा डबा

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला अँटिग्वाच्या मैदानाचा इतिहास वाचला. भाषा झकास, फोटो त्याहून झकास. फक्त मैदान चुकलं. वेस्ट इंडीजच्या ब्रायन लाराच्या कसोटीतल्या नाबाद 400 धावा आपण सर व्हिव्हियन रिचर्ड्स स्टेडियमवर करवून घेतल्यात. ते स्टेडियम 2007च्या विश्वचषकासाठी बांधलेलं. लाराची खेळी एप्रिल 2004ची. तीन वर्षं आधीच खेळून आला म्हणायचा गडी.

एरवी सोडून दिलं असतं. पण त्याच रात्री आमच्या सोसायटीच्या गणपतीत प्रश्नमंजूषा होती, आणि मी नातवाचा जोडीदार. शेवटचा प्रश्न नेमका हाच. मी म्हटलं, "अँटिग्वा रिक्रिएशन ग्राउंड, सेंट जॉन्स." सूत्रसंचालकांनी खिशातून आपल्या पुरवणीची घडी काढली. "चूक, काका. हे बघा, छापून आलंय." एका गुणाने गेलो. बक्षिसाचा स्टीलचा डबा बी विंगला. नातू तीन मजले गप्प चढला आणि दारात म्हणाला, "आजोबा, खात्री नसताना कशाला बोलता?"

खात्री नसताना! मे 2002मध्ये त्या ग्राउंडवरची भारताची कसोटी मी रात्री दोन-अडीचपर्यंत जागून पाहिली आहे. कुंबळेचा जबडा मोडलेला, डोक्यावरून हनुवटीखाली पांढरं बँडेज, तरी सलग 14 षटकं टाकली आणि लाराला पायचीत केलं. आमची सौ. 'आवाज कमी करा' सांगायला उठून आली होती, ते बँडेज बघून तीही दोन षटकं तिथेच उभी राहिली. त्या डावात अजय रात्रा यष्टिरक्षक असूनही त्याच्यासकट आपल्या अकराही जणांनी गोलंदाजी केली. आपल्या वासिम जाफरचे कसोटीतले दोनच बळी, तेही तिथलेच.

त्या ग्राउंडला लागून तुरुंग आहे. तिथले कैदी खेळपट्टीवर रोलर फिरवायचे आणि ज्याचं नाव त्या नव्या स्टेडियमला दिलंय त्या फलंदाज रिचर्ड्सचे वडील त्याच तुरुंगात नोकरीला होते. 1981ला तिथे पहिली कसोटी झाली. रिचर्ड्सच्या लग्नाला आठवडाही झाला नव्हता, तरी पठ्ठ्याने 114 केल्या. 1986ला त्याने 56 चेंडूंत शतक ठोकलं, तेही तिथेच. लाराच्या 1994च्या 375सुद्धा. आपल्या लेखात तुरुंगाचं नाव नाही, समुद्रकिनाऱ्याचे फोटो मात्र तीन!

ज्या स्टेडियमचं कौतुक केलंत, तिथे 2009ला इंग्लंडविरुद्धची कसोटी 10 चेंडूंत सोडून द्यावी लागली. मैदानात वाळूच वाळू, गोलंदाजांचे पाय ठरेनात. मग सगळी वरात पुन्हा जुन्या ग्राउंडवर. हे का गाळलंत? उद्या ब्रेबॉर्न आणि वानखेडेही एकच म्हणून छापाल, दोन्ही चर्चगेटलाच तर आहेत.

चूकदुरुस्ती कृपया त्याच पानावर आणि वाचता येईल अशा अक्षरांत छापावी, मुंगीच्या नको. अनंत चतुर्दशीच्या आत आली तर बरं, मंडपातल्या फलकावर लावायची आहे. आणि हो, शनिवारच्या शब्दकोड्यात 14 आडव्याला सूचनाच नव्हती.

आपला,
ए विंगमधला एक जुना वाचक, डोंबिवली