मावेल तेवढा मैदा

पुणे,
रविवार, दुपार

ती. बाबा आणि ती. आई यांस,
शि. सा. नमस्कार.

रोज फोन होतो, मग पत्र कशाला, असं बाबा म्हणणारच. पण फोनवरचं आपलं बोलणं ठरलेलं आहे. आई "जेवलीस का?" विचारते, मी "हो" म्हणते, आणि स्पीकर सुरू करायच्या नादात बाबा फोन कट करतात. परवा मात्र आई बोलता बोलता एक वाक्य टाकून गेली आणि ते चार दिवस डोक्यातून गेलं नाही. "आता दोघांपुरतं कशाला करत बसायचं? डबा बरा आहे."

आई, मनगटाचं प्लास्टर निघून तीन आठवडे झाले. डब्यातल्या सगळ्या भाज्यांना एकच चव असते, वांगं कुठलं नि दोडका कुठला हे डोळे मिटून ओळखता येत नाही, ही तक्रारही तुझीच. तरी बरा आहे म्हणतेस. आता मी 'पुन्हा स्वयंपाकाला लाग' असं सांगणार, असं तुला वाटलं असेल. डबा मुळीच बंद करू नकोस. लिहायचंय ते वेगळंच.

दहावीच्या सुट्टीतलं भांडण आठवतंय? दादा क्रिकेटला, आणि मी पोळ्या शिकायला. मी लाटणं आपटून सांगितलं होतं की मला हे कधीच शिकायचं नाही. तू काही बोलली नाहीस, लाटणं उचललंस नि उरलेल्या पोळ्या करून टाकल्यास. त्यानंतर मी होस्टेल, मेस, कँटीन असं करत पस्तिशी ओलांडली. लॉकडाऊनमध्ये सगळं जग घरात पाव भाजत होतं, तेव्हाही मी फक्त भांडी घासली. माझं हे भाजायचं वेड त्यानंतरचं, आणि त्याची सुरुवात तुझ्या नानकटाईपासून झाली.

तेव्हा फोनवरून घेतलेली कृती वहीत अजून आहे. 'तूप एक वाटी, पिठीसाखर एक वाटी, पांढरं होईस्तोवर फेसायचं, मग मावेल तेवढा मैदा.' मावेल तेवढा! आई, हे काय माप झालं? पहिल्या खेपेला दोन वाट्या मैदा मावला असं मला वाटलं. दहा मिनिटांनी ओटीजीत, म्हणजे माझ्या विजेच्या छोट्या भट्टीत, डोकावले तर बारा नानकट्या एकमेकींना भेटून ट्रेभर एकच पोळी झालेली. आम्ही ती चमच्याने खाल्ली. दुसऱ्या खेपेला घाबरून तीन वाट्या घातला, तर अशा कोरड्या झाल्या की चहात बुडवल्यावरही कुरकुरत होत्या. मग वजनकाटा आणला. तूप १५० ग्रॅम, पिठीसाखर १२५, मैदा २००, बेसन ३०, बारीक रवा २०, वेलदोडा, चिमूटभर मीठ. १६० अंशांवर १८ मिनिटं. जमल्या. मी आकडे वहीत लाल पेनाने चौकटीत लिहिले आणि मनात म्हटलं, बघ आई, असं असतं माप.

पुढच्या मे महिन्यात त्याच आकड्यांनी पुन्हा पोळी झाली! बरणीतलं तूप पुण्याच्या उन्हाळ्यात पातळ झालं होतं. पातळ तूप कितीही फेसा, त्यात हवा धरत नाही, आणि भट्टीत गेलं की पसरतं. डिसेंबरातलं थिजलेलं रवाळ तूप निराळं, मे महिन्यातलं निराळं. नव्या पाकिटातला मैदा निराळा आणि पावसाळ्यात ओल धरलेला निराळा. मग हाताला जेवढा मावेल असं वाटतं तेवढाच घालायचा, दुसरं काय? काटा मी टाकून दिलेला नाही, पण लाल चौकटीच्या बाजूला 'हाताला विचारणे' असं पेन्सिलीने लिहून ठेवलंय.

एका बाबतीत मात्र मी बरोबर आहे, आणि बाबा, तुम्ही इतकी वर्षं विज्ञान शिकवलंत तरी आईला कधी सांगितलं नाहीत. "फेसलेल्या तुपाचा थेंब पाण्यात टाक, तरंगला की झालं," ही आईची परीक्षा. अहो, तूप पाण्यापेक्षा हलकं, ते न फेसताही तरंगतं! ती परीक्षा वड्याच्या डाळीची. वाटलेल्या उडदाच्या डाळीत हवा भरली तरच ती तरंगते, नाहीतर तळाशी बसते. आई, रागावू नकोस. रंग बघून कळतं हे तुला माहीत होतंच, पाण्याची वाटी उगाच साक्षीला.

आणि बाबा, तुम्ही स्वयंपाकघरात कधी पाऊल टाकलं नाहीत असं सगळे म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. दिवाळीआधी नानकटाईचं पीठ घेऊन भट्टीवर कोण जायचं? सायकलच्या कॅरिअरला स्टीलचा डबा दोरीने बांधलेला आणि दांड्यावर मी. पाव निघून गेलेले असायचे आणि भट्टीची धग उतरायला लागलेली असायची. तुम्हीच मला सांगितलं होतंत की पावाला कडक आच लागते आणि विटा थोड्या निवल्या की नानकटाईची पाळी येते. काळ्या पत्र्यांवर आपण दोघं गोळे मांडायचो, मी प्रत्येकावर एक चारोळी दाबायची. तुम्ही कागदाच्या चिठोऱ्यावर आडनाव लिहून पत्र्याच्या कोपऱ्यात ठेवायचात. लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने तो माणूस पत्रा आत सरकवायचा आणि भट्टीच्या तोंडातून येणारा तुपाचा वास रांगेतल्या सगळ्यांचा मिळून एकच असायचा. गरम नानकटाई हातात धरली की मोडते, कारण आतलं तूप अजून पातळ असतं. ते थिजलं की मग ती टणक होते. हे तुम्हाला माहीत होतं, आणि म्हणूनच तुम्ही 'चुकून' दोन उचलायचात. मोडलेल्या आपण तिथंच संपवायचो. "आईला सांगू नको," म्हणायचात. आज सांगितलं.

नंतर तो काचेच्या झाकणाचा गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन घरी आला आणि भट्टीवर जाणं सुटलं. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात खालच्या खोलीतल्या सामानाबरोबर तोही गेला. गाळ काढताना तुम्ही त्याचं झाकण धुऊन बाजूला ठेवलेलं मी पाहिलं होतं. ते कशाला ठेवलंत, मी विचारलं नाही.

हल्ली मी पावही करते. पहिला पाव वीट झाला होता. यीस्टला कोमट पाणी लागतं, मी चहाच्या बेताचं ओतलं नि बिचारं मेलं. आता मनगटावर थेंब टाकून बघते, तान्ह्या बाळाच्या दुधासारखं. गिरणीच्या कणकेचा पाव मैद्यासारखा फुगत नाही. शिवाय ती पाणीही जास्त पिते, त्यामुळे सैल मळावी लागते. मळताना मात्र मला पुरणपोळीची कणीक तिंबणारी तू दिसतेस. "कानाच्या पाळीसारखी झाली पाहिजे," म्हणून तू माझ्याच कानाची पाळी चिमटीत धरायचीस. पावाचं पीठ झालं का बघायला लोक त्याचा तुकडा ताणून कागदासारखा पातळ करतात, पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. मी ताणते, उजेडही बघते, आणि तरी एक हात कानाला लावून खात्री करून घेते.

पण रोज काही पाव-नानकटाई नसते. बुधवारी साडेनऊला घरी पोचले. आम्हा दोघांपैकी कुणालाच बोलायचंही त्राण नव्हतं. लोखंडी कढईत पिठलं टाकलं, लसूण जरा जास्त. भाताचा कुकर झाला तोवर पिठलं खाली लागलं होतं. उलथन्याने खरवड सोडवली, ती अख्खी चकतीच निघाली, तांबूस, कडेला काळपट. दोघांनी उभ्याउभ्याच मोडून खाल्ली, भात नंतर. बाबा, ह्या तांबूसपणाचा शोध लुई मेयार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली मांडला, प्रथिनांमधली अमिनो आम्लं आणि साखर उष्णतेने एकत्र आली की हा रंग नि हा वास येतो. नानकटाईची कड, पावाची पाठ, आपली खरवड, सगळे त्याचेच प्रकार.

खरवड खाताना मला प्रश्न पडला की आईला काय आवडतं? खरवडीसाठी मी नि दादा भांडायचो, ती तुझ्या वाट्याला कधी आलीच नाही. बाबांना अळूचं फदफदं आवडतं, दादाला श्रीखंड, मला थालीपीठ. तुझं? "मला काय, काहीही चालतं." एकच गोष्ट आठवली. लोणी कढवलं की पातेल्याच्या तळाशी राहिलेल्या बेरीत तू चमचाभर साखर घालायचीस आणि ओट्याशी, भिंतीकडे तोंड करून, पातेलं खरवडून खायचीस. कुणालाही न वाटता तुला काही खाताना मी तेवढंच पाहिलंय.

म्हणून 'स्वयंपाकात किती आनंद असतो' हे तुला शिकवायची माझी छाती नाही. मला मजा येते कारण मला कंटाळा करता येतो. मन नसेल त्या दिवशी मी बाहेरून मागवते आणि कुणी नाक मुरडत नाही. तुला गेल्या चाळीस वर्षांत पाळीच्या चार दिवसांची सुट्टीही आजी गेल्यावर मिळाली नाही, कारण मग करणारं दुसरं कुणी नव्हतं. आता डबा आहे. पोळी-भाजीचं ओझं त्याच्यावर टाक. करायचंच तर आठवड्यातून एकच काहीतरी कर, ज्याची कुणाला गरज नाही असं. बाबांसाठी नको, आमच्यासाठी नको.

शनिवारी सकाळी निघते, दुपारपर्यंत सांगलीत. ओटीजी गाडीत घालून आणतेय. तूप फेसायला बाबा बसतील, परात मांडीत घेऊन, तळहाताने, एकाच दिशेने. आई, तुझ्या हातात फिजिओवाल्यांनी दिलेला स्पंजचा चेंडू असेल. तू खुर्चीवर बसून तो दाबत राहायचं आणि "अजून मावेल, अजून मावेल" एवढंच म्हणायचं. साय साठवून ठेव. लोणी आल्यावर कढवू. बेरीच्या पातेल्याजवळ कुणी येणार नाही, बाबांना मी बाहेरच्या खोलीत बसवते.

तुमची,
ताई

ता. क. बाबा, त्या जुन्या ओव्हनचं झाकण अजून असेल तर पुसून ठेवा. ओटीजीवर बसणार नाही, माहीत आहे. चारोळी मात्र आणू नका, माझ्याकडे आहे.