वय झालं की बी-१२ कमी झालं?

माझ्या आईचे (वय ७४) तळपाय वर्षभर रात्री जळजळत. काशाच्या वाटीने तूप घासून झाले, तेले झाली. पुढे ती गॅसवर दूध ठेवून विसरू लागली, तेव्हा ‘वय झालं’ म्हणत आम्हीच विषय मिटवला. शेवटी डॉक्टरांनी रक्त तपासायला लावले. बी-१२ फारच कमी निघाले.

हे जीवनसत्त्व भाजी-भाकरीत जवळजवळ नसतेच. ते दूध, दही, अंडी, मासे, मटणातून मिळते. आई शाकाहारी, त्यात दूध फक्त चहापुरते. (ताक म्हणजे तिच्याकडे पांढरे पाणीच.) शिवाय उतारवयात जठरातले आम्ल घटते आणि अन्नातले बी-१२ नीट शोषले जात नाही. मधुमेहासाठीचे मेटफॉर्मिन किंवा पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्या की आणखी घट होते. बी-१२ कमी पडले की मज्जातंतूंवरचे आवरण बिघडते, म्हणून मुंग्या, जळजळ, तोल जाणे, विस्मरण. उशीर झाला तर नुकसान पूर्ण भरून येत नाही.

इंजेक्शनांनंतर आईची जळजळ बरीच थांबली. बोटांचा बधिरपणा मात्र राहिलाच. ज्येष्ठांच्या तपासणी शिबिरांत साखर, रक्तदाब बघतात, तिथे शाकाहारी आणि मधुमेही ज्येष्ठांची ही तपासणीही व्हावी.

– एक वाचक, सातारा