झाड राखून सिग्नल मिळवून देणाऱ्या काकांना

ती. काका,

सा. न. वि. वि.

दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवरच्या डिश तुम्ही लावून दिल्यात, त्याबद्दल सगळ्या बिऱ्हाडांकडून मनापासून आभार. पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहोत, कारण तुम्ही दाखवलेली रीत बडोद्यातल्या कुठल्याही गच्चीवर चालेल.

पहिले आभार कडुनिंब वाचवल्याबद्दल. फांद्या छाटायचं बोलणं चाललं होतं, तेव्हा तुम्ही पोरांच्या कंपासपेटीतलं कोनमापक मागितलंत. त्याच्या मध्यबिंदूला दोरा बांधला, दोऱ्याला एक नट लटकवला आणि डिशच्या उंचीवर गुडघे टेकून, आग्नेयेकडे तोंड करून, कोनमापकाच्या सरळ कडेवरून आकाशाकडे बघितलंत. दोरा ९० च्या खुणेपासून ५५ अंश ढळला की नजर उपग्रहाच्या उंचीवर असते. त्या रेषेत झाडाचा शेंडा येत होता. दुखणं एवढंच होतं, आणि ते कळायला ना मीटर लागला ना शिडी.

डीडी फ्री डिश ही दूरदर्शनची मोफत सेवा ज्या जीसॅट-१५ वरून येते तो उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला, विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर आहे. बडोद्याहून तो उत्तरेपासून १३६ अंशांवर, म्हणजे जवळजवळ नेमका आग्नेयेला, आणि क्षितिजापासून ५५ अंश वर येतो. पुणे-मुंबईच्या नातेवाइकांनी फोनवर सांगितलेले आकडे इथे लावू नयेत, गाव बदललं की कोन बदलतो. मोबाइलमधल्या होकायंत्राची खूण मात्र इथे तशीच वापरता येते, कारण चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत आपल्याकडे एका अंशाचाही फरक नाही. फक्त मोबाइल लोखंडी खांबापासून आणि पाण्याच्या टाकीच्या सांगाड्यापासून चार पावलं लांब धरायचा.

डिशचं तोंड बघून ती कुठे बघते हे ठरवू नये, हे तुम्ही समजावलंत तेव्हा बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. घरगुती डिश ऑफसेट असते, तिचं तोंड दिसतं त्याहून साधारण २५ अंश वर ती बघते. म्हणून ५५ अंशांवर लावलेली डिश जेमतेम ३० अंश मागे कललेली दिसते, आणि समोरची ठेंगणी भिंत आड येतेय असं उगाच वाटतं. खरा अडथळा डोक्यावर असतो, तिकडे कोणी बघत नाही.

अंतराचा हिशेब तर इतका सोपा की जिन्याच्या दारावर खडूने लिहून ठेवला आहे. झाड, भिंत किंवा टाकी डिशच्या खालच्या कडेपेक्षा जेवढी उंच, त्याच्या ०.७ पट अंतर हे अगदी कमीत कमी. शेंडा ६ मीटर उंच असेल तर ४.२ मीटर. पण तेवढ्यावर भागवू नये. उंचीइतकंच अंतर ठेवलं की अडथळ्याचं टोक ४५ अंशांवर राहतं आणि १० अंशांची मोकळीक मिळते. दोन पावसाळ्यांत झाड वाढतं ते त्या मोकळिकीत मावतं. आमची डिश झाडापासून ३ मीटरवर होती, तुम्ही ती मागे ६ मीटरवर नेलीत आणि कडुनिंबाची एक काडीही तोडावी लागली नाही. कंपाउंडला लागून आसोपालव (सरळसोट वाढणारा अशोक) असेल तर हा हिशेब जास्तच जपून करावा, तो आडवा पसरत नाही पण सरळ वर जात राहतो.

पानगळीत डिश लावायची घाई करू नका, हेही तुमचंच. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंब विरळ होतो, तेव्हा त्यातून सिग्नल कसाबसा येतो. नवी पालवी भरली की गुणवत्ता घसरते, आणि पाऊस पडून पानं ओली झाली की चित्र जातंच, कारण या लहरींना खरं पाणीच शोषतं. तपासायचं असेल तर सूर्याची मदत घ्यावी. मार्चच्या १०-११ तारखेला सकाळी सव्वाअकराच्या सुमारास आणि ऑक्टोबरच्या २-३ तारखेला अकराच्या जरा आधी बडोद्यातून सूर्य नेमका या उपग्रहाच्या जागी दिसतो. त्या वेळी डिशवर झाडाची सावली असेल तर सिग्नलही अडतोच आहे. आमच्या मते ऑक्टोबरची तपासणी जास्त खरी, झाड तेव्हा भरगच्च असतं.

आता खांबाबद्दल. खांबाला लेव्हल दोन बाजूंनी, एकमेकींशी काटकोनात लावल्याशिवाय तुम्ही डिशला हातही लावला नाहीत. खांब तिरका असला की डिशमागच्या अंशांच्या पट्टीवरचा आकडा खोटा पडतो, आणि डिश डावी-उजवीकडे फिरवताना उंचीही आपोआप बदलत जाते. मग माणूस दोन्ही बोल्ट आलटून पालटून फिरवत दमतो. गच्चीला चायना मोझॅक असेल तर स्लॅबला भोक पाडायचं नाही, गळती तिथूनच सुरू होते. खांब बाजूच्या भिंतीला १० मिलिमीटरच्या रावळ बोल्टांनी धरायचा.

लावण्याची तुमची पद्धत अशी: अंशांच्या पट्टीवर ५५ ठेवायचं, बोल्ट हाताने आवळण्याइतपतच घट्ट, आणि डिश आग्नेयेच्या आसपास अगदी सावकाश फिरवायची. ६० सेंटीमीटरच्या डिशची कड अर्धा सेंटीमीटर हलली की दिशा एका अंशाने बदलते. सेट-टॉप बॉक्सला सिग्नल ओळखायला काही सेकंद लागतात, म्हणून दर हालचालीनंतर थांबायचं. टीव्हीवर बघायची ती गुणवत्तेची पट्टी. स्ट्रेंथची पट्टी नुसत्या गोंगाटानेही भरते, स्वस्त मीटरचा बीप तेवढाच ऐकवतो. गुणवत्ता आली की डावीकडे ती पडेपर्यंत जायचं, खांबावर पेन्सिलची रेघ मारायची, मग उजवीकडे तसंच, आणि दोन रेघांच्या बरोबर मधे डिश ठेवायची. उंचीचंही तसंच. शेवटी एलएनबी, म्हणजे डिशसमोर दांड्यावर बसवलेली लहरी पकडणारी डबी, तिच्या पकडीत थोडी थोडी फिरवायची, कारण लहरी उभ्या-आडव्या अशा दोन प्रकारच्या असतात आणि एलएनबी तिरकी राहिली की दोन्ही एकमेकींत मिसळतात. आवळताना बोल्ट आळीपाळीने, गुणवत्तेच्या पट्टीवर नजर ठेवून, कारण आवळण्यानेच डिश सरकते. आणि चॅनेलांची नावं वाचून खात्री करायची: ९५ अंशांवर दुसऱ्या सेवेचा उपग्रह अवघ्या दीड अंशावर आहे, त्यावर अडकलं की पट्टी भरते पण सह्याद्री काही दिसत नाही.

बॉक्सच्या सेटिंगमध्ये एलएनबीचे आकडे ९७५० आणि १०६०० हवेत. कनेक्टर बसवताना बॉक्स बंद. केबलच्या जाळीची एकही तार मधल्या तांब्याला टेकू द्यायची नाही, नाहीतर शॉर्ट होऊन एलएनबीला वीजच जात नाही. अर्धे चॅनेल येतात आणि अर्धे येत नाहीत, तेव्हा डिश हलवण्याआधी केबल बघायची: एलएनबी १३ आणि १८ व्होल्टवर लहरींचा उभा-आडवा प्रकार बदलते, आणि गंजलेल्या जोडात १८ चे १८ पोहोचत नाहीत. कनेक्टरच्या आधी केबलला खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे पावसाचं पाणी तिथून ठिबकतं, आत शिरत नाही.

कधी काय बिघडतं याचा तुम्ही तोंडी दिलेला तक्ता आता सगळ्यांना पाठ आहे. वाऱ्याने चित्र तुटतं तर फांदी किंवा सैल बोल्ट. मुसळधार पावसात जातं आणि लगेच येतं, तर ते चालायचंच. पाऊस थांबून तासभर झाला तरी येत नाही, तर ओली पानं नाहीतर कनेक्टरमध्ये पाणी. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या त्या दिवसांत अकराच्या आसपास काही मिनिटं जातं, तर मागे सूर्य आहे, कशालाही हात लावू नये.

उत्तरायणाचं, म्हणजे इथल्या संक्रांतीच्या पतंगांचं, सांगितलंत ते तर बडोद्याबाहेरच्या पुस्तकात सापडायचं नाही. डिशला अडकलेला मांजा ओढून काढायचा नाही, कापून काढायचा. मांज्याने सिग्नल अडत नाही, पण ओढल्याने एलएनबीचा दांडा वाकतो आणि पतंगवाला टेकला की डिश फिरते. १५ जानेवारीच्या संध्याकाळी पेन्सिलच्या रेघा जुळतात का, एवढं बघितलं की पुरे.

एक विनंती आहे. तळमजल्यावरच्या आजींची डिश अजून मागच्या चौकात आहे आणि तिथे आग्नेयेला तिमजली भिंत आहे. भिंतीची उंची आणि अंतर आम्ही मोजून ठेवतो, गच्चीपर्यंतची केबल ३० मीटरच्या आत बसते का तेही बघतो. दिवाळीच्या आधी सवड झाली तर या, नट बांधलेलं कोनमापक जिन्याच्या दाराला टांगलेलं आहे.

तुमचे,
दांडिया बाजारातल्या वाड्यातली सगळी बिऱ्हाडं