आईचा श्वास आणि गाडीचा फिल्टर : सदाशिवास पत्र

निपाणी,
चैत्र, रविवार दुपार

प्रिय सदाशिव,

सप्रेम नमस्कार.

हे फोनवरही सांगता आले असते, पण फोनवर तू मध्येच दुसरा विषय काढतोस आणि सांगायचे ते राहून जाते, म्हणून लिहायला बसलो आहे. काल मी घरच्या घरी गाडीचा केबिन फिल्टर, म्हणजे गाडीत येणारी हवा गाळणारा फिल्टर, बदलला. एवढ्यासाठी चार पानांचे पत्र कशाला, असे वहिनी विचारतील. त्यांना सांग की जुना फिल्टर बाहेर आल्यावर आईने तो हातात घेतला, नाकाजवळ नेला आणि म्हणाली, "ही तर आपल्या चाळणीखालची भुकटी हाय की रं." आपली चाळणी म्हणजे कुठली, हे तुझ्याशिवाय आता कुणाला कळणार आहे?

इकडे सर्वांची प्रकृती बरी आहे. माझा रक्तदाब गोळीवर आहे. आईचे मात्र बरे नाही, आणि पत्र त्याचेच आहे.

तुला ठाऊक आहे की दर दीड-दोन महिन्यांनी तिला बेळगावला छातीच्या डॉक्टरांकडे न्यावे लागते. गेल्या दिवाळीपासून तिने गाडीत बसायलाच नकार द्यायला सुरुवात केली. पंखा लावला की घसा धरतो, छातीत काहीतरी अडकते, त्यापेक्षा कर्नाटकाची लाल बस बरी, खिडकीशी वारे तरी लागते, असे तिचे म्हणणे. मी खिडक्या उघड्या ठेवून पाहिल्या. पण तवंदी घाट उतरल्यावर रस्त्याच्या रुंदीकरणाची माती, संकेश्वरच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागून उडणारे पाचट आणि वंटमुरी घाटात मालमोटारींचा धूर, म्हणजे बेळगावाजवळ काकती येईपर्यंत तिचा श्वासाचा पंप दोनदा काढावा लागायचा. पाऊणशे किलोमीटरचा तो प्रवास मला पुण्यापेक्षा लांब वाटू लागला होता.

गाडी दर वर्षी सर्व्हिसिंगला जाते आणि तिथला मुलगा दर वेळी "एसी फिल्टर साफ केला" असे सांगतो. कागदावर तशी खूणही असते. तरी पंखा चारवर ठेवला तरी वारा दोनइतकाच येत होता, आणि गेल्या पावसाळ्यात आतली काच धूसर झाली की लवकर निवळतच नव्हती. ही दोन्ही लक्षणे फिल्टर तुंबल्याची आहेत. शेवटी कोल्हापूरला गेलो असताना गाडीचे मॉडेल आणि साल सांगून नवा फिल्टर आणला आणि काल सकाळी दारातच काम काढले.

काम अगदी सोपे आहे, तुझ्या गाडीचेही तू स्वतः करू शकशील. चावी काढून घ्यायची, म्हणजे पंखा चुकून सुरू होत नाही. डाव्या बाजूचा ग्लोव्ह बॉक्स रिकामा करायचा, त्याच्या दोन्ही भिंती तळव्यांनी आत दाबायच्या. अडणी सुटली की तो खाली लोंबतो आणि बिजागरीतून उचलून बाहेर येतो. त्याच्यामागे एक अरुंद आडवे झाकण दिसते, त्याच्या दोन टोकांना खटके असतात. ते दाबले की झाकण निघते आणि आत फिल्टरची कड दिसते. तिथून पुढे घाई करायची नाही. फिल्टर तिरका न करता, सपाट धरून हळूहळू ओढायचा, नाहीतर वरचा सगळा कचरा खालच्या पंख्यात पडतो आणि मग तो महिनाभर टकटक वाजत राहतो.

मी झाकणाच्या खटक्याला हात लावला तेव्हा आई दारातल्या पायरीवर बसली होती. तिला मी काहीच सांगितले नव्हते. पण तिने आपसूक पदर नाकावरून घेतला आणि मानेमागे गाठ मारली, अगदी तशीच, जशी तंबाखूच्या वखारीत चाळणीवर बसण्यापूर्वी ती आणि तुझी आई एकमेकींच्या पदराला मारायच्या. सदा, त्या गाठीकडे पाहून माझा हात थांबला.

फिल्टर बाहेर काढला. पेटीच्या भात्यासारख्या त्याच्या घड्या असतात, आणि नवा असताना तो पांढरा असतो. हा विटकरी-तपकिरी झाला होता. वरच्या बाजूला चिंचेचा पाला, मुंग्यांचे पंख, काँग्रेस गवताची वाळलेली फुले. एका कोपऱ्यात ओल धरून काळी बुरशी. आणि घड्यांच्या तळाशी बोटाच्या पेराएवढा दाबून बसलेला तो थर. आईने बोटाने तो उकरला, चिमटीत चोळला आणि वर लिहिलेले वाक्य म्हणाली. मग थोड्या वेळाने नातीकडे पाहून म्हणाली, "गाडीला नाक असतंय व्हय? मग इतकी वर्सं शिंकली कशी न्हाई?" आम्ही सगळे हसलो आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली.

गाडी कुठे उभी असते ते तुला ठाऊक आहेच. बोळातल्या बऱ्याच वखारी आता बंद झाल्या, कुठे गोदाम झाले, कुठे मंगल कार्यालय. पण कोपऱ्यावरची अजून चालू आहे. माघ-फाल्गुनात शेतातून वाळलेला माल येतो आणि सध्या तिथे दिवसभर चाळण चालते. पुढच्या काचेखालच्या जाळीतून ही बारीक भुकटी गाडीत जात राहते. विड्यांच्या तंबाखूच्या भुकटीत निकोटीन असते, ते श्वासातून आणि ओल्या कातडीतूनही शरीरात जाते. कामावर नव्याने आलेल्या बायकांना पहिल्या आठवड्यात उलट्या व्हायच्या, त्यामागे हेच कारण होते. आपल्याला तेव्हा सांगत असत की सवय होते. तुझ्या आईलाही तेच सांगितले होते.

1981 च्या आंदोलनात तंबाखूला भाव मिळावा म्हणून शेतकरी महामार्ग अडवून बसले, त्या आठवणी आजही निपाणीत अभिमानाने सांगितल्या जातात आणि सांगायलाच हव्यात. पण चाळणीवर बसणाऱ्या बाईच्या नाकासमोर पदराखेरीज दुसरे काही असावे, ही गोष्ट आपल्या बोळात कुणी मोठ्याने बोलल्याचे मला आठवत नाही. तेव्हा आपण लहान होतो. आता नाही.

नव्या फिल्टरचे थोडे सांगतो, कारण तवंदी घाटातले आपले भांडण त्याने मिटते. तू नेहमी आतली हवा आत फिरवण्याचे बटण दाबायचास आणि मी ते बंद करून बाहेरची हवा घ्यायचो, आठवते ना? देवदर्शनाला निघालेल्या दोन घरांच्या बायका मागे गप्प बसल्या होत्या, इतके आपण त्यावर तापलो होतो. आमच्या गाडीत आतली आणि बाहेरची, दोन्ही हवा याच फिल्टरमधून जाते. म्हणून धुळीच्या पट्ट्यात तुझे बरोबर आहे: तीच हवा पुन्हा पुन्हा गाळली जाते आणि स्वच्छ होत जाते. पण काचा बंद करून चार माणसे तासभर तीच हवा घेत राहिली तर कार्बन डायऑक्साइड वाढतो, डोके जड होते, काचेवर वाफ धरते. म्हणून मोकळ्या रस्त्याला माझे बरोबर आहे. आता मी धुळीच्या पट्ट्यात तुझे ऐकणार आणि मोकळ्या रस्त्याला माझे.

परागकणांसाठी साधा कागदी फिल्टरही पुरतो. काँग्रेस गवताचा परागकण सुमारे 15 ते 20 मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या पाव भागाएवढा असतो, तो घड्यांत अडकतो. हे गवत खाऊन आटोक्यात आणावे म्हणून मेक्सिकोहून आणलेले भुंगेरे 1984 मध्ये बेंगळुरूत सोडले होते. तरी यमकनमर्डीच्या आसपास रस्त्याच्या दोन्ही कडा अजून त्याच्या फुलांनी पांढऱ्या असतात आणि आईला तिथेच पहिली शिंक येते. धुराचे अतिसूक्ष्म कण मात्र साध्या फिल्टरमधून बरेचसे निसटतात, आणि वास तर त्याला अडवताच येत नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाचा थर असलेला फिल्टर घ्यावा लागतो, तो करड्या रंगाचा असतो. पाण्याने धुऊन किंवा हवा मारून जुना फिल्टर पुन्हा वापरू नकोस. त्याच्या धाग्यांवर स्थिर विद्युतभार असतो, बारीक कण त्यानेच ओढले जातात, आणि धुतल्यावर तो भार जातो. दिसायला स्वच्छ, कामाला निरुपयोगी. बसवताना कडेवरचा बाण हवेच्या दिशेने ठेवायचा, आमच्या गाडीत तो खाली, पंख्याकडे. काचेखालच्या जाळीवरचा पालाही काढून टाक, नाहीतर पावसाळ्यात तिथे पाणी साचून फिल्टरला बुरशी धरते. कंपनीचे पुस्तक बदलण्यासाठी काहीही अंतर सांगो, आपल्या भागात एक पावसाळा आणि एक गळिताचा हंगाम झाला की तो बदलावा, असे माझे मत आहे.

संध्याकाळी आईला गाडीत बसवून स्तवनिधीपर्यंत नेऊन आणले. काचा बंद, पंखा दोनवर. ती जाताना खोकली नाही. येताना झोपली. माझ्या बायकोने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला, आम्ही कुणी काही बोललो नाही.

आणि तेव्हापासून मला जे खाते आहे ते असे. गाडीतल्या दीड तासासाठी मी इतकी खटपट केली, पण उरलेला सगळा दिवस आणि सगळी रात्र ती त्याच बोळात, त्याच भुकटीत श्वास घेते. घराच्या खिडकीला कुठला फिल्टर लावू? तुझी आई गेली त्या वर्षी तू अंगणात उभा राहून मला म्हणाला होतास, "तुझ्या आईला तरी इथून बाहेर काढ," आणि मी तुला म्हणालो होतो की गाव सोडून गेलेल्याने गावात राहणाऱ्याला शिकवू नये. त्यावरून आपण वर्षभर बोललो नाही. ते भांडण मला पुन्हा उकरायचे नाही. तेव्हा तिला बोळातून हलवणे म्हणजे तिच्या मैत्रिणींपासून तोडणे होते आणि ते मला आजही खरे वाटते. पण त्या मैत्रिणींपैकी आता बोळात कोण उरले आहे? शांताक्का लेकीकडे गेल्या, हौसामावशी गेल्या. आई ज्यांच्यासाठी तिथे राहते त्यांतल्या बहुतेक आता भिंतीवरच्या तसबिरीत आहेत.

अक्कोळ रस्त्याला एक घर भाड्याने मिळते आहे. दोन खोल्या, पुढे मोकळी जागा, मागे उसाचे शेत. पाचट पेटवतात त्या दिवसांत तिथेही त्रास होईल, पण तो वर्षातून थोडे दिवस. मी आईजवळ विषय काढला तर ती म्हणाली, "मला बी बदलून टाक मग, त्या फिल्टरसंगं." चेष्टेत म्हणाली, पण नंतर जेवली नाही.

तुझ्या कन्येला मनासारखा प्रवेश मिळाल्याचे कळले, फार आनंद झाला, तिला आमचा आशीर्वाद सांग. वहिनींच्या नव्या नोकरीचे सविस्तर कळव. फ्लॅटच्या हप्त्याचे काय झाले?

अक्षय तृतीयेला येतो म्हणाला होतास, तर नक्की ये. जुन्या फिल्टरच्या कडेवरचा नंबर मी फोनवर पाठवतो, त्याच नंबरचा कोळशाचा फिल्टर पुण्यात मिळतो का पाहून दोन घेऊन ये, पैसे इथे देईन. आणि एक दिवस जास्त काढून ये. त्या घराच्या मालकाने महिनाअखेरपर्यंत थांबायचे कबूल केले आहे. आईला ते घर दाखवायला तू बरोबर असावास असे मला वाटते. माझे ती ऐकणार नाही. तुझ्या आईच्या मुलाचे कदाचित ऐकेल.

तुझा,
विलास