आधी काडतूस, मग ॲक्शन

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. शिकारीसाठी घडवून घ्यायच्या रायफलच्या नळीची लांबी आणि दस्त्याचं अक्रोडाचं लाकूड यांवर तू दोन पानं लिहिलीस, आणि ॲक्शनबद्दल, म्हणजे काडतूस आत भरणाऱ्या आणि टरफल बाहेर काढणाऱ्या यंत्रणेबद्दल, मात्र शेवटी एकच ओळ: ‘ॲक्शन कुठलीही चांगली बघून घेऊ.’ माझं मन त्या ओळीपाशीच अडलं. नळी झिजली की बदलता येते, दस्ता तडकला तर दुसरा कोरता येतो, चापाची जोडणीही नवी बसते. ॲक्शन मात्र रायफल असेतो तीच राहते आणि बाकी सगळं तिच्या मापानं घडतं. म्हणून कारागिराकडे जायच्या आधी हे पत्र नीट वाच.

पहिलं म्हणजे काडतूस ठरव. .३०८ या काडतुसाची पूर्ण लांबी सुमारे ७१ मिलिमीटर, .३०-०६ ची ८५, आणि .३७५ एच अँड एचची ९१. .३०८ साठी आखूड ॲक्शन पुरते. तेच काडतूस लांब ॲक्शनमध्ये घातलंस तर वजन आणि बोल्टचा, म्हणजे काडतूस आत नेणाऱ्या सरकत्या दांड्याचा, प्रवास उगाच वाढतो. उलट दिशेला तर सुटकाच नाही, कारण लांब काडतूस आखूड मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसांच्या पेटीत, मावतच नाही. बोल्टच्या तोंडाचंही तसंच. .३०८ आणि .३०-०६ यांची बुडाची कड १२ मिलिमीटरची, तर .३७५ ची साडेतेरा. लहान तोंड कातून मोठं करता येतं, मोठं लहान होत नाही. तू .३०-०६ म्हणतोस, तर ते पक्कं कर आणि त्यावरून हलू नकोस.

आता खरा प्रश्न, काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकातल्या त्याच्या जागेत, कसं जातं हा. पॉल माऊझरच्या १८९८ च्या ॲक्शनमध्ये बोल्टच्या उजव्या अंगाला लांबलचक पंजा असतो. काडतूस मॅगझिनमधून वर येतानाच त्याची कड या पंजाखाली सरकते, आणि तिथून टरफल बाहेर फेकलं जाईपर्यंत काडतूस बोल्टच्या ताब्यात राहतं. १९६२ साली आलेल्या रेमिंग्टन ७०० मध्ये बोल्ट काडतुसाला नुसता पुढे ढकलतो. त्यातला टरफल ओढून काढणारा छोटा एक्स्ट्रॅक्टर कडेवर चढतो तो बोल्ट अगदी शेवटापर्यंत गेल्यावरच.

हा फरक मी कागदावर पुष्कळ वाचला होता. कळला तो एका रानडुकरामागे. पहिली गोळी थोडी मागे लागली. मी घाईघाईत बोल्ट ओढला, पुढे ढकलला, आणि मूठ खाली पाडायच्या आधीच, का कोण जाणे, पुन्हा मागे ओढला. माझी रायफल ढकलणाऱ्या जातीची. दुसरं काडतूस चेंबरमध्येच राहिलं, तिसरं त्याच्या बुडावर जाऊन धडकलं आणि बोल्ट जागीच अडला. ते मोकळं करीपर्यंत डुक्कर झाडोऱ्यात शिरलं. रक्ताच्या खुणांवरून ते सापडायला अंधार पडला. तेवढा वेळ ते जनावर तळमळत होतं, आणि त्याची टोचणी मला आजही आहे. चूक माझ्या हाताची होती, हे खरं. पण पंजाच्या ॲक्शनमध्ये ते काडतूस बोल्टबरोबर परत बाहेर आलं असतं, आणि पुढचं सरळ आत गेलं असतं.

रेमिंग्टनच्या बाजूनं बोलायचं तर तिचा रिसिव्हर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो तो सांगाडा, गोल, लेथवर कातायला सोपा, म्हणून कारागिराला तो अगदी सरळ बसवता येतो. बोल्टचं तोंड काडतुसाच्या बुडाला चहूबाजूंनी वेढून असतं, त्यामुळे बूड फुटलं तरी आधार भक्कम. तू लांबून कागदावर गोळ्या मारणार असतास तर मी हीच सांगितली असती.

जुनी फौजी माऊझर स्वस्तात मिळेल म्हणून मोहात पडू नकोस. तिची मूठ वाकवून घ्यावी लागते, नाहीतर ती स्कोपला अडते. स्कोपसाठी भोकं पाडावी लागतात, आणि सेफ्टीही बदलावी लागते. मॅगझिन ८ बाय ५७ च्या मापाचं, ते काडतूस ८२ मिलिमीटरचं, म्हणजे तुझं .३०-०६ त्यात जेमतेम मावणार. शिवाय या रिसिव्हरचं पोलाद वरवर कडक केलेलं असतं. कुणी हौसेनं फार घासलं तर कडक थर निघून जातो आणि खालचं मऊ पोलाद उघडं पडतं. मग लग, म्हणजे बोल्टला जागी अडकवणारे दाते, ज्या खाचेत टेकतात ती दबत जाते आणि हेडस्पेस, म्हणजे मिटलेल्या बोल्टपुढे काडतुसाला उरणारी जागा, वाढतं. जुनी घेणारच असशील तर हेडस्पेस मोजायचं गेज लावून बघितल्याशिवाय पैसे मोजू नकोस.

माझं मत विचारशील तर पंजाची, नव्यानं घडवलेली, माऊझरच्या धाटणीची ॲक्शन घे. विंचेस्टर मॉडेल ७० चालेल, पण ती १९६४ च्या आधीची हवी, किंवा पंजा परत आल्यानंतरची. मधल्या काळात त्यांनीही ढकलणारा बोल्ट घातला होता. मॉडेल ७० ची तीन टप्प्यांची सेफ्टी मला फार आवडते. मधल्या टप्प्यावर काडतुसावर आदळणारी फायरिंग पिन अडकून राहते आणि बोल्ट मात्र उघडतो, म्हणजे निर्धास्तपणे रायफल रिकामी करता येते. माऊझरमध्ये तिसरा राखीव लग असतो, आणि काडतूस फुटलंच तर वायू बाजूला काढायला बोल्टला भोकं असतात. डोळा बोल्टच्या मागेच असतो, तेव्हा हे मला क्षुल्लक वाटत नाही.

साठ अंशांत उघडणाऱ्या तीन लगांच्या बोल्टबद्दल तू विचारलंस. स्कोपखाली बोटांना जागा मिळते हे खरं. पण स्प्रिंग तीच आणि वळण कमी, म्हणून मूठ उचलायला जोर जास्त लागतो. गारठलेल्या हातानं खांद्यावरून करून बघ.

आणि एक. पंजाच्या ॲक्शनमध्ये काडतूस कधीही चेंबरमध्ये हातानं टाकून बोल्ट मिटू नकोस, पंजा तुटू शकतो. नेहमी मॅगझिनमधूनच भर.

ॲक्शन बघायला जाशील तेव्हा .३०-०६ ची चार डमी, बिनदारूची काडतुसं सोबत ने. हळू भर, जोरात भर, रायफल आडवी धरून भर, आणि माझ्यासारखा अर्ध्यातून बोल्ट मागे ओढून बघ. काय झालं ते मला लगेच कळव. कारागिराला होकार त्यानंतरच दे.

तुझा,
जुना मित्र