बाबा, चातुर्मासात काय करणार म्हणून विचारलंत

पुणे

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, फोनवर तुम्ही विचारलंत, "आषाढी ते कार्तिकी लग्नंच नसतात, तेव्हा खाणार काय?" प्रश्न बरोबर आहे. नोकरी सोडून लग्नाचे फोटो काढायचं ठरवण्याआधी मी तोच हिशेब मांडला होता. चार महिने हिंदू लग्नं थांबली, तरी डोहाळजेवणं आणि बारशी थांबत नाहीत. नोंदणी विवाहांना मुहूर्त लागत नाही, आणि मुसलमान कुटुंबांना आपला चातुर्मास नसतो. शिवाय मे महिन्यातल्या लग्नांचे अल्बम पावसाळ्यातच पुरे होतात. तरीही हात आखडता राहणार, म्हणून कॅमेरा एकच विकत घेतलाय. दुसरा लग्नाच्या दिवसापुरता भाड्याने आणते. दोन लागतातच, कारण ऐन विधीत एक बंद पडला तर गुरुजींना थांबा म्हणता येत नाही.

सध्या एका अनुभवी फोटोग्राफरच्या हाताखाली सेकंड शूटर, म्हणजे दुसरी फोटोग्राफर, म्हणून जाते. मुख्य जबाबदारी त्यांची असल्यामुळे मला बघायला सवड मिळते. मंगलाष्टकं सुरू होण्याआधी मी गुरुजींना विचारून ठेवते, अंतरपाट कुठल्या बाजूला ओढणार? तो दूर झाल्यावर दोघं एकमेकांकडे बघतात ते क्षणभरच. लगेच हार, अक्षता, वाजंत्री, आणि पाहुणे मोबाइल उंचावून मध्ये येतात. हॉलच्या मंद उजेडात शटर सेकंदाच्या १/५०० वर ठेवायचं, म्हणजे उडणाऱ्या अक्षतांच्या रेघोट्या होत नाहीत. त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, ३२०० पर्यंत चढवावा लागतो. प्रत्येक फोटो कॅमेऱ्यातल्या दोन मेमरी कार्डांवर एकदमच उतरतो. त्या कुटुंबाला हा दिवस पुन्हा मिळणार नाही, म्हणून इतकी काळजी.

आई, तुला सांगायचंय ते गौरीहराचं. नवरी पिवळ्या अष्टपुत्रीत अन्नपूर्णेवर अक्षता वाहत बसते, तेव्हा बाकी बहुतेक सगळे मांडवात असतात. पुरुष फोटोग्राफर तिथे फार रेंगाळू शकत नाही, मला मात्र नवरीची मामीच सांगते, "बस गं इथेच." तिथले फोटो मला सगळ्यांत जास्त आवडतात. तुमच्या लग्नाच्या अल्बममध्ये स्टेजवरच्या रांगाच रांगा आहेत, आजी एकाही फोटोत धड दिसत नाही. मी प्रत्येक लग्नात घरातल्या म्हाताऱ्या माणसांची नावं आधी लिहून घेते आणि एकेकाचा सावकाश फोटो काढते. कुणी सांगितलेलं नसतं, तरी काढते.

तुळशीच्या लग्नानंतरची पहिली स्वतंत्र ऑर्डर ठरते आहे. बाबा, कराराचा मसुदा सोबत पाठवलाय. निम्मी रक्कम तारीख पक्की करताना, उरलेली बरीचशी लग्नाच्या सकाळी, थोडी अल्बम देताना, असं लिहिलंय. तारीख बदलली किंवा लग्न मोडलं तर काय, हे कलम मला नीट जमलेलं नाही. बँकेत कर्जाचे कागद तपासायचात तसं लाल पेनने तपासा आणि रविवारपर्यंत कळवा.

तुमची लेक